रस्टचं कॉन्स्ट फंक्शन: फर्मवेअरमध्ये बरेच महिने वापरल्यावर

आम्ही महापेला एनर्जी मीटर वाचणारे लॉगर बनवतो. आत एसटीएम३२एफ१०३ हा छोटा मायक्रोकंट्रोलर, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, बस्स. गेल्या पावसाळ्याआधी फर्मवेअर (बोर्डवर चालणारा प्रोग्राम) सी मधून रस्ट या भाषेत आणायला घेतलं आणि तेव्हापासून कॉन्स्ट फंक्शन, म्हणजे प्रोग्राम कंपाइल होतानाच हिशोब उरकून देऊ शकणारं फंक्शन, हा प्रकार रोजच्या कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

बहुतेक जण सांगतात की यामुळे प्रोग्राम फास्ट होतो. होतो, पण माझ्यासाठी खरा फायदा वेगळा आहे, आकड्यांचे नियम कोडमध्येच लिहून ठेवता येतात आणि नियम मोडला तर बिल्डच होत नाही. लॉगर एकदा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या पॅनेलमध्ये बसला की चूक शोधायला लॅपटॉप घेऊन जायचं, शटडाउनची परवानगी मागायची, पॅनेल उघडायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

मॉडबसचा (मीटरशी बोलायच्या प्रोटोकॉलचा) सीआरसी घ्या, म्हणजे डेटा वाटेत बिघडला का ते ओळखायचा चेक आकडा. त्याचं टेबल २५६ आकड्यांचं, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ५१२ बाइट. सी मध्ये ते कुठूनतरी कॉपी करून चिकटवलेलं होतं आणि त्यातला एकेक आकडा तपासायला कोण बसणार? आता हेक्स ए००१ हा पॉलिनॉमियल घेऊन छोटं कॉन्स्ट फंक्शन टेबल तयार करतं, टेबल स्टॅटिकमध्ये ठेवलंय, ते थेट फ्लॅशमध्ये जातं, रॅमला धक्का नाही. (कॉन्स्टमध्ये ठेवू नका, कॉन्स्टची व्हॅल्यू जिथे वापराल तिथे नव्याने उतरते, स्टॅटिकला एकच पत्ता असतो.) त्याखाली एक असर्ट, म्हणजे खोटी ठरली तर बिल्ड अडवणारी अट: १ ते ९ आकड्यांच्या स्ट्रिंगचा सीआरसी ४बी३७ आलाच पाहिजे. उद्या कोणी त्या फंक्शनला हात लावला आणि काही बिघडलं तर बोर्डपर्यंत जायची वेळच येत नाही.

दुसरा किस्सा बॉड रेटचा, म्हणजे सिरियल लाइनवर डेटा जायच्या वेगाचा. वायफाय मॉड्यूलशी २३०४०० वर बोलतो. क्लॉक ७२ मेगाहर्ट्झ असताना क्लॉक भागिले बॉड हा भागाकार ३१२.५ येतो, पूर्णांकात ३१२ धरला तरी फरक ०.१६ टक्के, चालतं. टीममधल्या एकाने बॅटरी वाचवायला क्लॉक ८ मेगाहर्ट्झवर आणला. आता भागाकार ३४.७२, त्याचे झाले ३४, आणि फरक गेला २.१ टक्क्यांवर. आमचा असर्ट एका टक्क्याच्या वर जाऊ देत नाही, बिल्ड तिथेच अडलं. पोराने भागाकार राउंड करून ३५ घेतला, फरक ०.८ वर आला, बिल्ड झालं, आणि हे सगळं चहा यायच्या आत. हीच गोष्ट साइटवर गेली असती तर कधी डेटा येतोय कधी कचरा येतोय असा प्रकार, आणि सगळे केबलला दोष देत बसले असते.

एक गैरसमज खूप जणांचा बघितलाय. फंक्शनला कॉन्स्ट लावलं म्हणजे ते कंपाइललाच चालेल असं नाही. साध्या लेटमध्ये (नेहमीच्या व्हेरिएबलमध्ये) बोलावलं तर ते रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, चालू शकतं. कॉन्स्टमध्ये, स्टॅटिकमध्ये किंवा कॉन्स्ट ब्लॉकमध्ये बोलावलं तरच खात्री. हा ब्लॉक १.७९ पासून, म्हणजे जून २०२४ पासून स्टेबलमध्ये (रस्टच्या पक्क्या आवृत्तीत) आहे आणि त्याने काम फार सोपं केलं.

आता त्रास, आणि तो बऱ्यापैकी आहे. कॉन्स्ट फंक्शनच्या आत फॉर लूप चालत नाही कारण तो इटरेटर ट्रेटवर (ट्रेट म्हणजे अनेक टाइपना लागू होणाऱ्या मेथडचा संच) उभा आहे आणि ट्रेटच्या मेथड स्टेबलवर कॉन्स्टमध्ये बोलावता येत नाहीत, त्यामुळे सगळीकडे व्हाइल आणि हाताने वाढवलेला आय, कोड अगदी जुन्या सी सारखा दिसतो. पॅनिकच्या, म्हणजे असर्ट मोडल्यावर येणाऱ्या एररच्या, मेसेजमध्ये आकडा टाकता येत नाही, फक्त तयार स्ट्रिंग, म्हणजे "बॉडचा फरक जास्त" एवढंच कळतं, किती ते कळत नाही, हे मला खरंच खटकतं. आणि सगळ्यात जास्त खटकतं ते जेनेरिकचं. मॉडबसच्या उत्तरात रजिस्टर (मीटरमधले दोन-दोन बाइटचे आकडे) गुणिले दोन अधिक पाच बाइट लागतात, १२५ रजिस्टरना २५५, पण रजिस्टरची संख्या जेनेरिक (वापरताना ठरणारा एन) ठेवून बफरचा साइज एन गुणिले दोन अधिक पाच असा लिहिला की स्टेबल कंपायलर सरळ नाही म्हणतो. आम्ही सगळीकडे सगळ्यात मोठाच बफर घेतो, २० केबीत ते जाणवतं.

शिकताना लेखाची तारीख बघा. कॉन्स्ट फंक्शन स्टेबल झालं १.३१ ला, डिसेंबर २०१८ मध्ये, तेव्हा आत इफसुद्धा चालत नव्हतं. इफ, मॅच आणि लूप आले १.४६ ला, ऑगस्ट २०२० मध्ये, पॅनिक १.५७ ला. त्यामुळे जुन्या लेखांमध्ये ॲरेच्या इंडेक्सने मुद्दाम एरर आणायच्या ज्या कसरती दिसतात त्यांची आता गरज नाही. फ्लोटचा हिशोबही १.८२ पासून चालतो, थर्मिस्टरचं टेबल मी अजून पूर्णांकातच करतो ते निव्वळ सवयीने.

सगळं यात कोंबू नका मात्र. कंपायलर हे कॉन्स्ट इंटरप्रिटरने चालवतो, हिशोब फार लांबला तर तो स्वतःच लिंट (कंपायलरची तपासणी) लावून थांबवतो. मीटर कंपन्यांचे रजिस्टर मॅप आमच्याकडे एक्सेलमधून येतात, ते वाचायचं काम बिल्ड स्क्रिप्टकडे (कंपाइलच्या आधी चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामकडे) ठेवलंय, आणि दोन रजिस्टर एकमेकांवर चढत नाहीत ना एवढं तपासायला कॉन्स्ट असर्ट.