५०० केचा पॉट मिळत नाही: २५० के घ्यावा की १ मेग?

ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ हा गिटारचा ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा) पेडल घरी बांधायला घेतला की आकृतीत ड्राइव्हसाठी ५०० केचा (किलोओहमचा) पॉट, म्हणजे नॉबने बदलणारा रेझिस्टर दिसतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दुकानदार ४७० के पुढे करतो. तो बिनधास्त घ्या. साध्या पॉटचा रेझिस्टन्स तसाही छापल्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असतो. पंचाईत होते ती ४७० केही संपलेला असला की.

अशा वेळी बहुतेकांचा हात १ मेगकडे (१००० केकडे) जातो: जास्त असलेलं बरं, कमी फिरवू. मी २५० के घेईन. हा पॉट ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये ५१ केच्या रेझिस्टरशी सिरीजमध्ये बसतो, ग्राउंडकडे ४.७ के असतो. त्यामुळे ५०० केवर कमाल गेन (सिग्नलची वाढ) साधारण ११८ पट, २५० केवर ६५. ऐकायला निम्मा, प्रत्यक्षात ५ डेसिबलचा फरक. आणि तिथे पोचेपर्यंत डायोड केव्हाच सिग्नलची टोकं कापत (क्लिप करत) असतात.

१ मेगवर गेन २२५ पट. पण त्याच लूपमध्ये ५१ पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे. ५०० केला तो साधारण ५.७ किलोहर्ट्झपासून ट्रेबल कापतो, १ मेगला ३ किलोहर्ट्झपासूनच. म्हणजे खरखर वाढते आणि धार बोथट होते.

१ मेग घरात पडूनच असेल तर त्याला समांतर १ मेगचा रेझिस्टर जोडा, कमाल ५०० के मिळेल. पॉट लिनियर (नॉबच्या प्रमाणात वाढणारा) असला तर नॉब निम्म्यावर असतानाच ३३३ के होतात, म्हणून इथे लॉग (आधी हळू, मग झपाट्याने वाढणारा) बरा. उलट २५० केला २२० के सिरीजमध्ये जोडायचा मोह टाळा. मी केलं होतं. नॉब शून्यावर आणला तरी गेन ५९ पट. मूळ पेडलला तिथे १२ असतो.

लेव्हलच्या (आवाजाच्या नॉबच्या) १०० केला ही समांतर युक्ती कामाची नाही, तिथे पॉट व्होल्टेज वाटून देतो. सरळ ४७ के लावा. टोनच्या २० केला २२ किंवा २५ के लिनियर चालतो. बदल टोकांकडे जास्त जाणवतो, इतकंच.

छापील ए-बी अक्षरांवर (सहसा ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर) मात्र विसंबू नका, जुन्या युरोपियन पॉटवर त्यांचा अर्थ उलटा असू शकतो. मल्टिमीटर सोबत न्या. नॉब मधोमध ठेवून मधला पाय आणि शून्याकडचा पाय यांच्यामध्ये मोजा: एकूण रेझिस्टन्सच्या निम्मे आले तर लिनियर, दहा-पंधरा टक्के आले तर लॉग.