आठ महिने, रोज अब्राहामापासून: ऑडिओ बायबलच्या डब्याचा वापरानंतरचा अनुभव

पहिल्या महिन्यात मी या डब्याला एक तारा दिला होता. चौथ्या महिन्यात अडीच केले. आज साडेतीन देतोय, आणि अर्धा तारा हातचा राखलाय, कारण कुरियरचे १४० रुपये मला अजून कोणी परत दिलेले नाहीत.

वस्तू बहुतेकांनी पाहिलेली असेल. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा डबा, पाठीवर सोलर पट्टी, बाजूला पाच बटणं. आत मराठी नवा करार, स्तोत्रं आणि ‘नवी सुरुवात’ या मथळ्याखाली ३१ छोटी मननं. नेट नको, सिम नको. मला २,४५० ला पडला. आईसाठी घेतला. वय ७९, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय, मोठ्या टायपाचं शास्त्र, म्हणजे बायबलसुद्धा आता वाचवत नाही. आम्ही मूळचे नगरकडचे. वडील खाणीवर मेकॅनिक म्हणून गोव्यात कुडचड्याला आले आणि इथलेच झाले. शेजारी सगळे कॅथलिक, त्यांची प्रार्थना कोकणीत. मराठी उपासनेला बस पकडून जावं लागतं, आईला ते होत नाही.

आता मुख्य तक्रार. हा डबा बंद केला की सगळं विसरतो. काल लूकच्या नवव्या अध्यायात थांबलात, आज चालू केलात, की पुन्हा मत्तय एक, म्हणजे नव्या कराराचा पहिलाच अध्याय, येशूची वंशावळ. ‘अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला...’ लूक नऊपर्यंत जायचं तर पुढचं बटण ५२ वेळा दाबायचं. मत्तयाचे २८, मार्काचे १६, हिशेब करून बघा. ‘पुस्तक बदला’ असं छापलेलं एक बटण आहे, ते दाबलं की थेट मननांवर उडी. २,४५० रुपये घेणाऱ्या वस्तूला कालचा दिवस आठवू नये? आमचा पोदेर, म्हणजे पाववाला सुद्धा कालचे किती पाव उधार होते ते वही न बघता सांगतो.

फोन केले. सातव्या फोनला एका मुलीनं डबा पाठवून द्या म्हणून सांगितलं, कुरियरचा खर्च माझ्याच खिशातून. १९ दिवसांनी परत आला. चार्जिंगच्या भोकावर नवं रबर आणि आत चिठ्ठी, ‘दोष आढळला नाही’. चालू केला. अब्राहामाला इसहाक झाला. मी त्या मुलीला परत फोन लावून नको ते बोललो. ते बोलायला नको होतं. तिची चूक नव्हती.

आईचं म्हणणं वेगळंच. ‘सांगू दे रे त्याला पहिल्यापासून. मला तरी कुठं कालचं आठवतंय?’ शेजारची आंटी रोज सकाळी कुंपणापलीकडून ओरडायची, ‘आयज परत आब्राहांवच मरे?’ म्हणजे, आज परत अब्राहामच ना रे?

आवाजाबद्दल थोडं. स्वच्छ आहे, पण वाचणारे गृहस्थ तलाठ्याची नोटीस वाचल्यासारखे वाचतात. मराठीतून ख्रिस्ताची गोष्ट कानांनी ऐकणं गोव्याला काही नवं नाही. इथून जवळ राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओव्यांत. ओवी कानात बसते. या गृहस्थांचं कानात बसायला मला पाऊस उजाडला.

पावसात सोलर पट्टी शोभेची. जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन म्हणजे पाहुणा. रोज बॅटरी उतरायची, रोज सुरुवातीपासून. अशा कित्येक सकाळी ती वंशावळ ऐकून मला ती पाठ झाली. मी टिप्परवाला माणूस, खेपा मोजायची सवय. मत्तय म्हणतो अब्राहाम ते दावीद १४ पिढ्या, दावीद ते बाबेलचा बंदिवास १४, तिथून ख्रिस्तापर्यंत १४. म्हणजे ४२ नावं हवीत. मी बोटांवर मोजली, ४१ भरली. पुन्हा मोजली, ४१. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं तर हसले. म्हणाले, एक नाव दोनदा धरतात, कोणी दावीद धरतं, कोणी यखन्या. बरं.

पण मोजता मोजता बायकांची नावं अडकली. पुरुषांच्या यादीत मरीयेच्या आधी चौघीच. तामार, जिनं वेश्येचं सोंग घेऊन सासऱ्यालाच अडकवलं. राहाब, यरीहोची वेश्या. रूथ, परकी मवाबी. चौथीचं तर नावही नाही, ‘उरीयाची बायको’ एवढंच. म्हणजे दावीदानं ज्याला मारवलं त्या नवऱ्याचं नाव मुद्दाम मध्ये ठेवलंय. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत असली एखादी गोष्ट निघाली तर यादीच बदलतील. तीन राजे मत्तयानं गाळलेत (योराम आणि उज्जीया यांच्यामधले, जुन्या करारातल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकाशी ताडून बघा), पण या चौघी गाळल्या नाहीत. इथे मी अडीच तारे केले.

मग मननं. चुकीच्या बटणामुळे ती भरपूर ऐकावी लागली. बहुतेक पाणचट. ‘भूतकाळ विसरा, प्रभू नवी सुरुवात देतो’, पाठीमागे बासरी. विसरा म्हणायला काय जातं? आमची गोष्ट अशी. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा माझा एक टिप्पर दारात उभा राहिला. पुढे सुरू झाल्या म्हणून २०१६ ला मेहुण्याबरोबर भागीदारीत दुसरा घेतला. फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं सगळ्या ८८ लीज गेल्या आणि सावर्ड्याच्या रस्त्यावर टिप्परांच्या रांगा लागल्या. मेहुण्यानं भागीदारीतला टिप्पर मला न विचारता विकला. माझ्या वाट्याचे १,८०,००० अजून येणं आहे. एका लाल वहीत तारीखवार लिहून ठेवलंय. त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव काढायचं नाही, बायकोनं सुद्धा. भाऊ तिचा.

तर मननवाल्या बाई प्रेषित पौलाचं वाक्य सांगतात, मागचं विसरून पुढे धाव घेतो. मी वैतागून आईचं जाड शास्त्र काढलं आणि फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय वरून वाचला. तिथे हा पौल विसरण्याआधी काय करतो? स्वतःची सगळी यादी देतो. आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंशातला, परूशी म्हणजे कडक नियम पाळणारा, ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा. मग म्हणतो, जो लाभ होता तो मी हानी समजलो. चक्क जमाखर्चाची भाषा, आणि पत्र लिहिताना माणूस बेड्यांत. जमेचं सगळं खर्चाला टाकलं, पण पान फाडलं नाही. हे त्या बाईंनी सांगायला हवं होतं. मला ३१ मननांत नाही सापडलं.

एक मात्र चांगलं आहे, २३ वं. योहानाचा २१ वा अध्याय. रात्रभर जाळं रिकामं, पहाटे १५३ मासे, आणि किनाऱ्यावर येशूनं कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी ठेवलेली. बाई सांगतात की याच योहानात १८ व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र कोळशाच्याच विस्तवाशी शेकत उभा राहून ‘मी नाही त्याचा’ म्हणाला होता. निखाऱ्यावर बांगडा पडला की वास सगळ्या वाड्यावर जातो, हे आम्हाला कोणी सांगायला नको. त्या धुरात उभं राहून पेत्राला काय झालं असेल? आणि येशू ‘जाऊ दे, झालं गेलं’ असं म्हणतच नाही. तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. मगच कळप सांभाळायचं काम पुरतं त्याच्या हाती येतं. हे मनन मी आईला न सांगता दहा-बारा वेळा ऐकलं.

ऑक्टोबरात मागच्या शेडमधला पसारा काढताना त्या टिप्परचा जॅक सापडला. जॅक मेहुण्याचा. दोन दिवस तसाच बघत होतो. मग फोन केला, ‘तुझा जॅक माझ्याकडे पडलाय, ने.’ एवढंच. रविवारी आला. जॅकचा दांडा गंजून बसला होता. आम्ही दोघं अर्धा तास डिझेल ओतून, ठोकून तो सोडवत होतो, बोलणं फक्त ‘धर’ आणि ‘अजून थोडं’. बायको चहा ठेवून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. खिडकीत अब्राहामाला इसहाक होत होता.

मेहुणा म्हणाला, ‘भावजी, हे रोज असंच?’ मी तक्रार सांगितली. त्यानं डबा हातात घेतला, उलटा केला, डिझेलच्याच बोटानं मधलं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन. ‘टुंग’ वाजलं. मग बंद करून चालू केला, तर जिथे थांबलेला तिथूनच सुरू. बंद करण्याआधी मधलं बटण तीन सेकंद धरायचं, इतकीच गोष्ट. खोक्यावर नाही, पत्रकात नाही, ज्यांना मी सात फोन केले त्यांना ठाऊक नाही. आणि शोधलं कोणी, तर ज्याच्याकडून मला १,८०,००० येणं आहे त्यानं.

पैशांचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. वही कपाटातच आहे.

घेणाऱ्यांसाठी: बॅटरी पूर्ण उतरली की टुंग वाजवलेलं सुद्धा पुसलं जातं, त्यामुळे पावसाळ्यात मोबाईलच्या चार्जरवर ठेवा. चार्जिंगची पिन सैल आहे, रबर बँड बांधावा लागतो. आवाज पूर्ण वाढवू नका, फाटतो. आईला मधल्या बटणाचं चारदा शिकवलं, ती अजून थेट बंदच करते. आज सकाळी पण आंटीनं कुंपणावरून विचारलंच.