मरीन रायझरचा ऑनलाइन अभ्यासक्रम: टेन्शन मनापासून शिकवलं, फटीग उरकून टाकलं

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. घरी बोअरची गाडी आहे, अण्णा तीस वर्षांपासून त्याच धंद्यात. मी लातूरला मेकॅनिकल केलं आणि मला ऑफशोअर ड्रिलिंगमध्ये जायचंय. म्हणून एका खासगी संस्थेचा बारा आठवड्यांचा मरीन रायझर (समुद्रात खोदताना जहाजापासून समुद्रतळापर्यंत सोडलेली नळी) डिझाइनचा अभ्यासक्रम घरी बसून केला. फी 14,500 रुपये. वर्ग शनिवार-रविवार रात्री आठला. पैसे भरण्याआधी चार लोकांना विचारावं म्हटलं तर आपल्याकडं या विषयातलं कुणी भेटतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिल्याच रविवारी अण्णा मागं येऊन उभे राहिले. "नुसता पाइप तर हाय की गं. त्यात बारा हप्ते काय शिकायलीस?"

सरांनी पहिला आठवडा याच प्रश्नाला दिला, आणि तिथंच मला त्यांची शिकवण्याची पद्धत आवडली. आपल्या बोअरला केसिंग घालतात ते माती-मुरूम ढासळू नये म्हणून. त्याला चारी बाजूंनी जमिनीचा आधार असतो. मरीन रायझर मोकळ्या पाण्यात उभा. खाली समुद्रतळावर बीओपी, म्हणजे दाब उसळला तर विहिरीचं तोंड बंद करणारा झडपांचा संच, वर लाटांवर हलणारं जहाज, आणि मधे साधारण 21 इंची पोलादी नळी. ड्रिल पाइप तिच्यातून खाली जातो, मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो जड चिखलासारखा द्रव, तिच्यातूनच वर येतं. बाजूनं धरायला काही नाही. वरून टेन्शनरनं, म्हणजे जहाजावरच्या ओढून धरणाऱ्या यंत्रानं, ओढून धरला नाही, तर रायझर स्वतःच्याच वजनानं लचकून मोडेल.

मुंबई हायचा फरकही इथंच कळला. 1974 मध्ये 'सागर सम्राट'नं तिथं तेल शोधलं, पण ती जॅक-अप रिग, पाय समुद्रतळावर टेकवून उभी राहणारी. बीओपी वर डेकवर. खोल पाण्यात असे पाय पुरत नाहीत. 2013 मध्ये आपल्याच पूर्व किनाऱ्यावर 3,100 मीटरहून खोल पाण्यात विहीर खोदली गेली. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला 617 मीटरचं बोअर घेतलं होतं, त्यात 338 मीटर तर नुसता काळा पाषाण. त्या बोअरच्या पाचपट लांबीचा रायझर सोडावा तेव्हा कुठं समुद्राचा तळ लागतो, आणि खरं खोदकाम त्यानंतर सुरू होतं.

तिसरा ते सहावा आठवडा म्हणजे या अभ्यासक्रमाचा जीव. 'इफेक्टिव्ह टेन्शन' मी पुस्तकात चारदा वाचलं होतं, कळलं नव्हतं. पोलादातला ताण वेगळा, आणि नळी लचकणार की नाही हे ठरवणारा ताण वेगळा. आतल्या मडचा दाब तो कमी करतो, बाहेरच्या पाण्याचा दाब वाढवतो. सरांनी सॉफ्टवेअर उघडूच दिलं नाही, वहीवर गणित करायला लावलं. पाणी 1,000 मीटर, नळीचा आतला व्यास 19.5 इंच, मडची घनता गोड्या पाण्याच्या 1.5 पट, समुद्राच्या पाण्याची 1.025. समुद्रसपाटीच्या वरचा तुकडा सोडला तरी एकट्या मडपायी जवळजवळ 91 टन जास्त ओढावं लागतं. तेच मड 1.2 चं असतं तर हा आकडा 34 टनांच्या आत राहतो. विहिरीतला दाब वाढला म्हणून मड जड केलं की वरचं टेन्शनही का वाढवावं लागतं, हे त्या रात्री हातानं आकडे मांडले तेव्हा डोक्यात बसलं.

मग एपीआयचे, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, रायझरसाठीचे नियम, 16क्यू. पोलादाचं वजन पाच टक्के जास्त धरायचं, तरंगवणाऱ्या फोमचा उचल चार टक्के कमी धरायचा. सहा टेन्शनर असतील तर एक निकामी झालाय असं समजून उरलेल्या पाचांवर हिशोब, म्हणजे तिथंच वीस टक्क्यांची वाढ. प्रत्येक आकड्यामागं कारण काय, हे सरांनी घाई न करता सांगितलं.

फ्लेक्स जॉइंटच्या, म्हणजे रायझरच्या टोकाच्या लवचीक सांध्याच्या, कोनाचा धडा मात्र मला अण्णांनी पक्का करून दिला. ड्रिलिंग चालू असताना सरासरी कोन 2 अंशांच्या आत आणि कमाल 4 अंशांच्या आत ठेवायचा, एवढं मी वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, "बोअर वाकडं गेलं की रॉड घासतोय एका अंगाला. तसंच आसंल." तसंच आहे. फिरता ड्रिल पाइप जॉइंटला आतून घासून झिजवतो, म्हणूनच ती मर्यादा.

आता तक्रार. दहावा आणि अकरावा आठवडा प्रवाहामुळं होणारी थरथर आणि फटीग (पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकणं) यांचा होता, आणि तिथं संस्थेनं अक्षरशः पाट्या टाकल्या. सर बदलले, स्लाइड वाचून दाखवल्या, शंका घेतल्याच नाहीत. विषय किती मोठा आहे! तेरणेला पूर आला की पाण्यात उभी असलेली निरगुडीची फांदी नुसती वाकत नाही, प्रवाहाला आडवी थरथरत राहते. रायझरचं तेच. मागं आळीपाळीनं भोवरे सुटतात. भोवरे किती वेगानं सुटतात हे काढायचा स्ट्राउहल आकडा 0.2 धरून मीच हिशोब केला: सेकंदाला एक मीटर प्रवाह, 21 इंची नळी, म्हणजे दर 2.7 सेकंदांना एक झोका. दिवसाला 32 हजारांहून जास्त. नळीची स्वतःची लय त्याच्याशी जुळली तर वेल्डला चीर जाण्याचा धोका तिथून सुरू होतो. ते टाळायला नळीवर पिळाच्या पट्ट्या किंवा फेअरिंग (पाणी सरळ वाहून जावं म्हणून निमुळतं आवरण) बसवतात, पण त्या किती लांबीत बसवायच्या हे ठरवायला कुणी शिकवलं नाही. नोकरीत हेच विचारणार.

सॉफ्टवेअरचं लायसन्सही सहा आठवड्यांचं सांगून तीनच आठवडे चाललं. मेल केले, उत्तर आलं ते मुदत संपल्यावर. आमच्याकडं लाइट जाते त्यामुळं दोन वर्ग बुडाले, पण रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास मिळायचं, हे मान्य करते.

पाचपैकी साडेतीन. बीई झालेल्यांनी, बीमचं बेंडिंग आणि द्रवांचा दाब नीट येत असेल तरच घ्यावा. भरती होताना दोन गोष्टी लेखी मागा: फटीगचे वर्ग कोण घेणार, आणि लायसन्स कोणत्या तारखेपर्यंत. मी ते दोन आठवडे पुन्हा शिकवा म्हणून पत्र दिलंय. पुढच्या बॅचबरोबर बसू देतो असं उत्तर आलंय, फी न घेता.