घरी येऊन मेंदूतील रक्तस्राव तपासणारी सेवा : काम चोख, कागद अपुरा

पडलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव झाला आहे का, हे हातात मावणाऱ्या यंत्राने घरी येऊन तपासणारी एक खासगी सेवा आम्ही वडोदऱ्यात नुकतीच वापरली. सेवा उपयुक्त आहे, पण तिच्या अहवालाची भाषा तातडीने बदलायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. दांडिया बाजारातील घरी आत्या न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे डोके उंबऱ्यावर आपटले. त्या शुद्धीवर होत्या, पण रक्त पातळ करणारी गोळी रोजची असल्यामुळे आम्हाला धास्ती वाटत होती.

आलेल्या तंत्रज्ञ मुलीचे काम पाहण्यासारखे होते. तिने आत्यांचा अंबाडा हलक्या हाताने सोडला, मध्ये केस आले तर प्रकाश नीट पोहोचत नाही म्हणून कंगव्याच्या टोकाने जागोजागी भांग पाडला, आणि कपाळ, कानशील, त्याच्या वरचा भाग व डोक्याची मागची बाजू अशा प्रत्येक ठिकाणी आधी डावीकडे, मग उजवीकडे यंत्र टेकवले. साचलेले रक्त अवरक्त प्रकाश अधिक शोषून घेते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मोजमापांतील फरकावरून रक्तस्रावाचा अंदाज बांधता येतो. यात क्ष-किरण नाहीत, आणि आत्यांना पलंगावरून उठावेही लागले नाही.

हातात आलेल्या कागदावर मात्र 'नॉर्मल' एवढेच लिहिले होते, आणि ते वाचून घरातली मंडळी आता दवाखान्याची गरज नाही असे म्हणू लागली. याच तत्त्वावर चालणारे इन्फ्रास्कॅनर हे अमेरिकी यंत्र ३.५ मिलिलिटरपेक्षा मोठा आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून २.५ सेंटिमीटरच्या आत असलेला रक्तसाठा ओळखण्यासाठी आहे. त्याहून लहान किंवा खोलवरचा रक्तस्राव निसटू शकतो. दोन्ही बाजूंना सारखेच रक्त साचले, जे वृद्धांमध्ये घडते, तर फरकच दिसत नाही, आणि उलट डोक्याला टेंगूळ आले असेल तर आत काही नसतानाही शंका निर्माण होऊ शकते. यातले एक वाक्यही कागदावर नव्हते. सीटी स्कॅन तरीही करावाच लागेल, हे मुलीने आम्ही विचारल्यावर तोंडी सांगितले, आणि आम्ही तो त्याच संध्याकाळी करून घेतला.

सीटीची सोय दूर असलेल्या गावांत कोणाला आधी शहरात हलवायचे हे ठरवण्यासाठी असे यंत्र मोलाचे ठरेल. शहरात मात्र उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा एका बाजूच्या हातापायांत अशक्तपणा दिसला, तर या सेवेची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.