प्रयोगासाठी कोण: व्हिब्रिओ नॅट्रिजेन्स की ॲलिव्हिब्रिओ फिशेराय?

प्रकल्पासाठी समुद्री जिवाणू घ्यायचाय आणि या दोघांत अडकलात? दोन्ही व्हिब्रिओनेसी कुळातले, ग्रॅम-निगेटिव्ह (म्हणजे ग्रॅम रंगचाचणीत गुलाबी दिसणारे), वाढायला सोडियम लागणारे. फिशेरायही आधी व्हिब्रिओच होता. 2007 मध्ये त्याला ॲलिव्हिब्रिओ या वेगळ्या प्रजातीत हलवलं. जुने संदर्भ शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर निम्मं साहित्य हातचं जाईल.

वेगात तुलनाच नाही. नॅट्रिजेन्स 37 अंशांना, चांगल्या माध्यमात 10 मिनिटांच्या आत दुप्पट होतो. फिशेरायला थंडावा लागतो, 25 अंशांच्या आसपास, आणि धीरही.

पण फिशेराय उजळतो! गर्दी वाढली की पेशी रासायनिक इशाऱ्यांनी एकमेकींचा अंदाज घेतात आणि मग निळसर-हिरवा प्रकाश देतात. अंधारात थोडा वेळ स्थिर ठेवलेला फ्लास्क हलवा: ऑक्सिजन मिसळतो आणि मंदावलेला प्रकाश एकदम खुलतो. हे बघायला मला अजून कंटाळा येत नाही.

जपणूक? नॅट्रिजेन्सची प्लेट फ्रिजमध्ये ठेवून विसरू नका, थंडीत तो टिकत नाही. दोघांचेही साठे ग्लिसरॉलमध्ये उणे 80 ला ठेवा.

जनुकं घालायची, प्रथिनं बनवायची, वेळ कमी, तर नॅट्रिजेन्स. पेशींमधला संवाद, सहजीवन किंवा पाण्याची विषारता तपासायची असेल तर फिशेराय.