रंकाळ्यावरच्या नोंदी कुठे टाकाव्यात: ईबर्ड की आयनॅचरलिस्ट?

कोल्हापूरच्या रंकाळा-कळंबा तलावांवर फिरणाऱ्या अनेकांना आपल्या पक्षी-प्राणी-झाडांच्या नोंदी जगभरच्या शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडाव्यात असं वाटतं, पण ॲप निवडताना गाडी अडते. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींचा डेटा जीबीआयएफ या जीवसृष्टीच्या नोंदींच्या जागतिक भांडारात जातो. फरक आहे तो नोंदीच्या पद्धतीत.

ईबर्ड फक्त पक्ष्यांसाठी. फोटोची सक्ती नाही, पण वेळ, चाललेलं अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या द्यावी. खरी गोम 'पूर्ण यादी' या प्रश्नात आहे. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच 'हो' म्हणा. कावळे-साळुंक्या गाळून फक्त पाहुणे पक्षी टाकले आणि 'हो' म्हटलं, तर त्या दिवशी तिथं कावळेच नव्हते असा अर्थ निघतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे, म्हणून इथं कंटाळा नको.

आयनॅचरलिस्टवर झाड, बेडूक, फुलपाखरू, काहीही चालतं. फोटो किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग, तारीख, ठिकाण हवं. ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झालं की नोंद संशोधनयोग्य ठरते. बागेत लावलेलं झाड तशी खूण न करता टाकणं ही नेहमीची चूक. आणि परवाना 'सर्व हक्क राखीव' ठेवलात, तर नोंद जीबीआयएफपर्यंत पोचतच नाही.

कळंब्याचे पक्षी वर्षानुवर्षं मोजायचे असतील तर ईबर्ड. दर आठवड्याला तीच वाट, तीच वेळ. पावसाळ्यात राधानगरी-दाजीपूरला बेडूक, रानफुलं शोधणाऱ्यांनी आणि ओळख पक्की नसलेल्या नवशिक्यांनी आयनॅचरलिस्ट घ्यावं.