एकवीस सीडी की तीन डीव्हीडी?

डेबियन या फुकट मिळणाऱ्या लिनक्स संगणकप्रणालीची ५.० ही आवृत्ती, लेनी, फेब्रुवारी २००९ मध्ये आली आणि आसपासच्या शाळांतले संगणक सांभाळणारे दोन-तीन जण मला पुन्हा तोच प्रश्न विचारू लागले: सीडी घेऊ की डीव्हीडी? लेनीचा पूर्ण संच, म्हणजे प्रणाली आणि तिच्यासोबतची सगळी सॉफ्टवेअर, तीस-एक सीडींचा होता, किंवा पाच डीव्हीडींचा. आधीच्या आवृत्तीला, २००७ साली, हाच हिशेब एकवीस आणि तीन होता. मी तेव्हा सीडी घेतल्या होत्या. लेनीच्या वेळी पुन्हा घेणार नव्हतो. पण सीडीची बाजू अगदीच लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा इंटरनेट २५६ केबीपीएसचं होतं. माझ्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं. या सहा तासांत, वीज राहिली तर, जेमतेम एक सीडी उतरायची. म्हणजे रात्री लावली की सकाळच्या चहाला हातात काहीतरी असायचं. शिवाय डेबियनवाले पॅकेजेस, म्हणजे एकेका सॉफ्टवेअरची पुडकी, लोकप्रियतेच्या क्रमाने भरायचे, त्यामुळे एकट्या पहिल्या सीडीवर चालता-बोलता डेस्कटॉप उभा राहायचा. डीव्हीडीला मात्र सात रात्री. एकूण डेटा तेवढाच, हे मान्य, पण सात रात्री वाट पाहून आठव्या दिवशी चेकसम (फाइल नीट उतरली का ते पडताळायचा आकडा) जुळला नाही की माणूस देवाधर्माला लागतो. आणि एक गंमत: ती साडेचार जीबीची फाइल फॅट३२ या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर मावतच नाही, तिथे एका फाइलला चार जीबीची मर्यादा. कॅफेतून आणायला गेलात तर पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही "जागा नाही" असं ऐकावं लागेल.

जुन्या पेंटियम थ्री संगणकातला ५२एक्स सीडी-रॉम ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही, हे वेगळं सांगायला नको. आमच्या वर्गातल्या बारापैकी पाच संगणक तसलेच होते. म्हणूनच मी सीडी घेतल्या होत्या. निर्णय तेव्हा शहाणपणाचा वाटला.

मग तो शनिवार आला. मुलांना मराठीत टाइप करता यावं म्हणून फॉन्ट आणि आणखी चार-पाच गोष्टी टाकायच्या होत्या. लोकप्रियतेचा क्रम म्हणजे बहुमताचा कारभार. त्यात मराठीचं काही लागलं की ते मागच्या बाकावर सापडतं. ॲप्टला, म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअर टाकणाऱ्या प्रोग्रॅमला, मी पॅकेजचं नाव दिलं आणि त्याने नम्रपणे सांगितलं, की अमुक लेबलची डिस्क ड्राइव्हमध्ये घालून एंटर दाबा. घातली. मग दुसरी मागितली. मग तिसरी, कारण पॅकेज एका सीडीवर आणि त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे जोडीचं सॉफ्टवेअर, दुसरीवर. एका संगणकाचं आटोपून पुढच्याकडे गेलो की तोच खेळ पहिल्यापासून. गठ्ठा एकच, संगणक बारा. मी हातात सीडींची चवड घेऊन वर्गात फेऱ्या मारतोय, मुलं मजा बघताहेत, आणि कोणती सीडी कोणत्या संगणकाच्या पोटात राहिली याचा हिशेब लागेनासा झाला.

दुपारी भारनियमन. वीज गेली तेव्हा चौदा नंबरची सीडी एका संगणकात अडकलेली, आणि चार तासांनी वीज आल्यावर नेमका तो संगणक सुरू होईना. ट्रेच्या खालच्या बारीक भोकात पेपरक्लिप सरळ करून खुपसली, तेव्हा कुठे सीडी बाहेर आली. तोवर माझ्या डोक्यात निर्णय झालेला होता.

लॅनवर (वर्गातले संगणक जोडणाऱ्या जाळ्यावर) एका संगणकात सगळं ठेवा, बाकीच्यांना तिथून द्या, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, नंतर तेही केलं. पण आमची निम्मी मुलं डिस्क घरी न्यायची, आणि घरी लॅन कुठून असणार? त्यांना एकवीसचा गठ्ठा देऊन पाहा. परत येतात एकोणीस.

आल्या तरी कशा येतात? सीडीचा डेटा लेबलच्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो. मुलं वरच्या बाजूने बॉलपेनने दाबून नाव लिहितात आणि सीडी कामातून जाते. खालून चकाचक, वाचता मात्र येत नाही. डीव्हीडीत डेटा प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे वरचा ओरखडा तिला सहसा बाधत नाही. मी मोजमाप वगैरे केलेलं नाही. पण दोन वर्षांत सीडी टोपलीभर फेकल्या आणि डीव्हीडी तीन-चार, त्याही खालून चरे पडलेल्या. अर्थात एक डीव्हीडी गेली म्हणजे सहा-सात सीडी एकदम गेल्या, हा मुद्दाही खोटा नाही. म्हणून मी प्रत्येकीची एक प्रत कपाटात ठेवायचो. दोन कोऱ्या सीडींच्या किमतीत कोरी डीव्हीडी मिळायची, तेव्हा हे परवडायचं. राइट करताना वेग कमी ठेवा एवढंच. जुने ड्राइव्ह घाईत लिहिलेल्या डिस्कवर कुरकुरतात, निदान आमचे तरी.

ब्लू-रेचीही सोय लेनीत होती, सगळं एकाच डिस्कवर. तो ड्राइव्ह मी तोवर कोणाकडे पाहिलेला नव्हता, तेव्हा पुढे जाऊ.

विचारणाऱ्यांना माझं तेव्हाचं उत्तर असं: तुमच्याकडे घरचा एकच संगणक असेल आणि ब्राउझर, लिखाण, गाणी एवढंच हवं असेल, तर पहिली सीडी पुरे, डीव्हीडीच्या नादी लागू नका. दहा-बारा संगणक असतील आणि त्यांवर मराठीत काम चालायचं असेल, तर मी तरी डीव्हीडीच घेईन, आणि पाचही न घेता आधी पहिल्या दोन. आमचं बहुतेक काम त्यांतच भागलं.

राहिले ते पाच जुने संगणक. त्यांच्यासाठी एकच डीव्हीडी ड्राइव्ह विकत घेतला. ड्राइव्हचं काम फक्त इन्स्टॉल करण्यापुरतं, म्हणून झाकण उघडायचं, केबल जोडायची, ड्राइव्ह बाजूच्या वहीवर ठेवायचा, काम झालं की पुढच्याकडे. त्या पाचांच्या झाकणांचे स्क्रू मी नंतर लावलेच नाहीत.